राजूची गिटार सुरात लावताना

वैशालीचा फोन आला तेव्हा मी दिंडोरीच्या शाळेत सहावीच्या वर्गावर होते. द्राक्षांच्या छाटणीचे दिवस, त्यामुळे बरीच मुलं आईबापांबरोबर मळ्यात गेलेली आणि उरलेल्यांना मी नकाशा भरायला दिला होता. माझी भावजय शाळेच्या वेळात कधी फोन करत नाही. "ताई, तुम्ही येता का?" एवढंच ती म्हणाली. काय झालं असं मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. माझ्या धाकट्या भावाचा, राजूचा श्वास शेवटच्या दिवसांत पंख्यापेक्षा मोठ्यानं ऐकू यायचा... तो आता येत नव्हता.

शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी माझी मुलं सांभाळली आणि एका सरांनी त्यांच्या गाडीवरून मला नाशिकला आणून सोडलं. इंदिरानगरमध्ये राजू-वैशालीच्या घरी पोचले तर चपलांची रास जिन्यापर्यंत आली होती. राजूला पुढच्या खोलीत आणून ठेवलं होतं. कोणीतरी त्याचे हात छातीवर एकावर एक ठेवले होते. मी त्या हातांकडेच बघत बसले. मेलेल्या माणसाचे हात म्हणून ते मला वेगळे वाटेनात, कारण बरेच महिने ते असेच होते. जिथे ठेवू तिथेच राहायचे.

राजरत्न हे त्याचं कागदावरचं नाव. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मोठ्या हौसेनं ठेवलेलं. पण सगळ्यांसाठी तो राजूच. दिवसा अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरचं काम आणि संध्याकाळी भीमगीतांच्या गायन पार्टीत गिटार, असं त्याचं आयुष्य. दादा स्वतः पेटी वाजवायचे. आमच्या वस्तीत जयंतीला, वर्षावासाच्या कार्यक्रमांना दादांची पेटी ठरलेली असे. राजूनं पेटीच शिकावी असं त्यांना वाटायचं. पण कॉलेजात असताना राजू कुठल्याशा लग्नात ऑर्केस्ट्रा ऐकून आला आणि त्यानं गिटारचा ध्यास घेतला. पुढे नोकरी लागल्यावर, एका हॉटेलात वाजवणारा कोणी वादक शहर सोडून निघाला होता, त्याच्याकडून त्यानं एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. गर्द निळी. दादांनी ती हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "हिच्या पोटात काय आहे रे एवढं जड?" राजूनं मागचं झाकण उघडून दाखवलं. आत स्प्रिंगा होत्या, खाटेला असतात तशा, पण लहान. दादांना हसू आवरेना.

त्या स्प्रिंगांचं काम काय ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं, म्हणून सांगते. साध्या गिटारमध्ये तारा ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात ती, म्हणजे ब्रिज, लाकडाला पक्की ठोकलेली असते. राजूच्या गिटारचा ब्रिज पक्का नव्हता. तो दोन खुंट्यांवर नुसता टेकलेला. समोरून तारा त्याला ओढतात, मागून पोटातल्या स्प्रिंगा ओढतात आणि दोन्हीकडची ओढ सारखी झाली की तो मधल्यामध्ये तरंगत राहतो. त्याला एक लोखंडी दांडी लावलेली असते. दांडी खाली दाबली की सगळे सूर एकदम उतरतात, सोडली की आपापल्या जागी परत येतात आणि अगदी हलकं हलवलं तर सूर थरथरतो, गाणाऱ्याचा गळा थरथरतो तसा. राजूला हे हवं होतं. "ताई, पेटीतून हे निघत नाही," तो मला सांगायचा. "भास्करदादांनी तान घेतली ना की गिटारनं त्यांच्या मागोमाग जायला पाहिजे. पायऱ्या उतरल्यासारखं नाही, घसरत."

भास्करदादा त्यांच्या पार्टीचे मुख्य गायक. देवळ्याकडचे. दिवसा कांद्याच्या आडतीवर आणि कार्यक्रम असला की नाशिक. आवाज असा की माइक बंद पडला तरी मैदानाच्या टोकाला ऐकू जावा. राजूपेक्षा वयानं बरेच मोठे, पण दोघांचं गूळपीठ होतं. गिटार घेतल्याच्या पहिल्याच जयंतीला मीही मैदानात बसले होते. गर्दी अफाट. भास्करदादांचं गाणं रंगात आलं होतं आणि राजूनं दांडी दाबून तो घसरता सूर काढला तशी समोरच्या पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. दुसऱ्या कडव्याला त्याची एक तार तुटली. साध्या गिटारची एक तार तुटली तर बाकीच्यांवर वेळ मारून नेता येते. इथे एक तार गेली आणि स्प्रिंगांनी ब्रिज मागे ओढला, त्यामुळे उरलेल्या सगळ्याच तारा बेसूर झाल्या. राजूनं एक सूर वाजवला, थांबला, परत वाजवला, थांबला. भास्करदादांनी नुसत्या ढोलकीवर गाणं पुरं केलं. तोवर राजू गिटार गळ्यात अडकवून सगळ्यांसमोर उभा होता. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. मला आजही त्याचं ते उभं राहणं दिसतं.

दुसऱ्याच दिवशी त्यानं सागवानाचा एक तुकडा कापून गिटारच्या पोटात स्प्रिंगांच्या बाजूला ठोकून बसवला. ब्रिज जाम झाला, दांडी निघून कपाटात गेली. गिटार इतरांसारखी झाली, भरवशाची. "सवड मिळाली की परत मोकळी करीन," असं तो म्हणायचा. सवड कसली मिळते. कारखान्याच्या पाळ्या, लग्नसराईतले कार्यक्रम, दादांचं आजारपण, वैशालीशी लग्न, घराचे हप्ते... त्यांना मूल झालं नाही, त्या दवाखान्यांच्या खेपा. वर्षं गेली. लाकडाचा तुकडा आत तसाच राहिला आणि गिटार वाजत राहिली.

आजाराची सुरुवात अगदी क्षुल्लक झाली. डाव्या हाताची करंगळी तारेवर नीट टेकेना. थंडीमुळे असेल, असं तो म्हणाला. नाशिकची थंडी तशी असतेही. मग शर्टाच्या गुंड्या वैशाली लावून द्यायला लागली. मग एकदा माझ्याकडे जेवायला आला तेव्हा घास उचलताना भाताची शितं ताटाबाहेर पडायला लागली आणि तो काही झालंच नाही असं दाखवत गप्पा मारत राहिला. मीही बघितलं नाही असं दाखवलं. बऱ्याच तपासण्यांनंतर एका मोठ्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून आजाराचं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे निरोप बंद होत जातात, म्हणाले. आधी हात, मग पाय, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. डॉक्टर सज्जन होते, भराभर बोलले नाहीत. "बुद्धी शाबूत राहील," असंही त्यांनी सांगितलं, जणू तेवढा तरी दिलासा द्यावा म्हणून.

राजूनं विचारलं, "आणि कान?"

"कानांना काही होणार नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. वैशाली उठून बाहेर गेली. मला तिच्यामागे जावं की राजूजवळ बसावं हे कळेना, मी अर्धवट उठून तशीच उभी राहिले.

त्यानंतरचे महिने म्हणजे रोज काहीतरी कमी होत जाणं. गाडी चालवणं गेलं, नोकरी गेली, जिना उतरणं गेलं. पार्टीत दुसरा गिटारवाला आला. राजूनं स्वतःच त्याला गाणी समजावून दिली, तोंडानं बोल म्हणून. आम्ही काय नाही केलं? कोणी केरळचं तेल सांगितलं ते आणलं, कोणी काढा सांगितला तो दिला, व्यायाम करवून घेणारी मुलगी येऊन जायची. माझ्या ओळखीतलं प्रत्येक माणूस मला काहीतरी नवं सांगायचं आणि मी ते राजूला जाऊन सांगायची. एके दिवशी तो शांतपणे म्हणाला, "ताई, आता नवीन काही आणू नको. तू नुसती येत जा." नुसतं येणं मला फार अवघड गेलं. रविवारी जायचं, खुर्चीजवळ बसायचं आणि त्याचा हात हातात घेऊन बघत राहायचं. दर वेळी तो हात आधीपेक्षा हलका लागायचा.

अशाच एका रविवारी दुपारी तो मला म्हणाला, "स्क्रू-ड्रायव्हर धरता येतो का तुला?"

"कशाला?"

"गिटारचा ब्रिज मोकळा करायचाय."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. पण त्यानं वैशालीला हाक मारून कपाटातली हत्यारांची पिशवी काढायला लावली. त्याला सवड मिळाली होती आणि आता हात नव्हते. मी म्हटलं, "अरे, पार्टीतल्या त्या नव्या मुलाला बोलवू. दुकानात नेऊ. मला यातलं काही कळत नाही." तो म्हणाला, "मला कळतं ना. तू फक्त मी सांगतो ते कर." आणि पुढे म्हणाला, "दुकानात दिली तर मी काय करू?"

आम्ही गिटार पलंगावर पालथी ठेवली आणि मागचं झाकण काढलं. राजूची खुर्ची पलंगाच्या डोक्याशी, त्याला आतलं दिसायचं नाही. म्हणून मी काय करतेय, काय दिसतंय ते मोठ्यानं सांगत राहायचं असं ठरलं. लाकडाचा तुकडा घट्ट बसला होता. हळूहळू हलवत मी तो काढला आणि त्याबरोबर गिटारमधून कण्हल्यासारखा एक आवाज आला. सैलावलेल्या जुन्या स्प्रिंगांना तारांची ओढ पेलेना, ब्रिज मागून वर उचलला गेला आणि सगळ्या तारा ढिल्या पडल्या. मी घाबरून हात मागे घेतले. "मोडली बहुतेक," मी म्हटलं. राजू हसायला लागला. बऱ्याच महिन्यांनी तो हसत होता, मान एका बाजूला कलली तरी हसत होता. वैशाली ओट्यापाशी होती, ती हातातलं टाकून दारात येऊन बघत उभी राहिली.

तिथून आमचे रविवार त्या कामाला लागले. जुन्या तारा गंजल्या होत्या त्या काढल्या, नव्या मागवल्या. या गिटारच्या तारेचं एक टोक कापून ब्रिजवरच्या लोखंडी जबड्यात धरायचं असतं आणि षटकोनी पान्यानं आवळायचं असतं. ब्रिजखाली तात्पुरती लाकडी पट्टी सरकवून एकेक तार चढवायची. हे सगळं मी शिकले. शिकले म्हणजे, राजू सांगेल तसं केलं. खरा त्रास पुढे होता. एक तार ओढून सुरात आणावी तर तिच्या ओढीनं ब्रिज जरासा पुढे झुकायचा आणि आधी लावलेल्या तारा उतरायच्या. त्या परत चढवाव्यात तर ही उतरायची. शिवाय सगळ्या सुरात आल्या तरी ब्रिज लाकडाला समांतर हवा. मागून वर उचललेला असेल तर पोटातले दोन लांब स्क्रू पाव वळसा आवळायचे म्हणजे स्प्रिंगांची ओढ वाढते. आणि तो पाव वळसा दिला की सगळ्याच तारा परत बिघडतात. पुन्हा पहिल्यापासून. मी शाळेतली पट्टी आडवी धरून ब्रिजकडे बघायची आणि मला रडू यायचं. राजूला मात्र घाई नव्हती. "असंच असतं हे, ताई. दर फेरीला चूक थोडी कमी होते. फिरत राहायचं."

सूर जुळला की नाही हे सांगणारं छोटं यंत्र होतं, पण राजूचा त्याच्यावर विश्वास नव्हता. तो डोळे मिटून ऐकायचा. "वर... वर... अजून किंचित... बास." मी त्याच्या 'बास'वर हात थांबवायची. आजारानं तोवर जिभेला हात घातला होता. शब्द जड होत चालले, एकमेकांत मिसळायला लागले. वैशालीला सगळं कळायचं, मला अर्धंमुर्धं. एका रविवारी सगळ्यात बारीक तार लावत होते. राजू काहीतरी म्हणाला, मला 'वर' ऐकू आलं. मी तारेची खुंटी पिळली. तो परत तेच म्हणाला, जरा जोरात. मी अजून पिळली. तो 'बास' म्हणत होता. तार तुटली आणि तिचं टोक सपकन माझ्या अंगठ्याखाली लागलं.

लागलं फार नव्हतं, पण रक्त बरंच आलं. वैशालीनं माझा हात नळाखाली धरला. परत आलो तर राजू रडत होता. चेहऱ्याचे स्नायू साथ देत नव्हते, त्यामुळे ते रडणं नीट रडण्यासारखंही दिसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात नव्हता. मी म्हटलं, "अरे, काही नाही झालं, बघ," आणि त्याच्यापुढे हात धरला. त्यानं बघितलं. लहानपणी मला ठेच लागली की हा माझ्याआधी वाकून माझा अंगठा धरायचा... आता तो नुसता बघत होता. मग प्रत्येक शब्द सुटा सुटा करत तो म्हणाला, "ठेवून... दे... ती." मी गिटारवर चादर टाकली.

त्यानंतर काही रविवार आम्ही तिचं नाव काढलं नाही. मी जायची, बसायची, पेपर वाचून दाखवायची. त्याचा श्वास आखूड व्हायला लागला होता, नाकावर मास्क लावायचं यंत्र घरी आलं होतं. पुढे घशात नळी घालून मोठ्या यंत्रावर ठेवायचं की नाही, हे डॉक्टरांनी आताच ठरवून ठेवायला सांगितलं होतं. नको, असं राजूनं डोळ्यांनी स्पष्ट सांगितलं. वैशालीनं होकार दिला. मी दिला नाही आणि विरोधही केला नाही. त्याच दिवशी निघताना ती माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "ताई, ती गिटार तशी उघडी पडलेली मला रोज दिसते. त्यांनाही दिसते. रात्रंदिवस त्यांची नजर तिकडेच. होत असेल तर करून टाका ना."

"मला त्याचं बोलणं कळत नाही गं आता."

"डोळ्यांचं कळतं ना?"

पुढच्या रविवारी भास्करदादाही आले, वैशालीनंच त्यांना बोलावलं होतं. ते आधी दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा खुर्चीसमोर पाच मिनिटं बसून उठले होते. "मला नाय बघवत राजूभाऊला असं," असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं होतं. या वेळी त्यांना काम होतं. मी तार छेडायची, भास्करदादांनी तिचा खरा सूर गळ्यातून धरून ठेवायचा आणि राजूनं डोळ्यांनी सांगायचं. भुवया वर म्हणजे चढव, नजर खाली म्हणजे उतरव, डोळे मिटले की झालं. भास्करदादांचा 'आ' त्या लहान खोलीत भरून राहायचा. त्यांचा दम लांब, पण फेऱ्या संपेनात तसा त्यांनाही घाम फुटला. मी पट्टी लावून सांगत होते, "मागची बाजू किंचित वर आहे. आता डावा स्क्रू पाव वळसा. आता उजवा." मग परत तारा. वैशाली मधूनच मास्क सारखा करायची, मधूनच चहा ठेवून जायची, तो तसाच गार व्हायचा. "लय नखऱ्याची हाय ही," भास्करदादा म्हणाले. राजूच्या डोळ्यांत हसू दिसलं.

उन्हं खिडकीतून उतरायला लागली तेव्हा एका फेरीत पहिल्या तारेला राजूनं डोळे मिटले, दुसरीलाही मिटले, तिसरीलाही. शेवटच्या तारेनंतर मी परत पहिली छेडली. ती हलली नव्हती. पट्टी लावली. ब्रिज समांतर होता, मागे फट, पुढे फट, तरंगत होता. मी गिटारच्या मानेवरचं, तारा जखडून ठेवणारं कुलूप आवळलं आणि कपाटातून काढून ठेवलेली दांडी जागेवर बसवली.

भास्करदादांनी गिटार हातात घेतली, फिरवून बघितली आणि म्हणाले, "झालं बघ राजूभाऊ. आता..." आणि त्यांनी ती परत पलंगावर ठेवली. आता कोणी वाजवायची, हा प्रश्न आम्हा तिघांनाही तेव्हाच पडला. एवढे रविवार मी कशासाठी घालवले होते?

राजूनं नजर वैशालीकडे नेली, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, मग गिटारकडे. परत तसंच. वैशालीला लगेच कळलं. तिनं उशा लावून गिटार त्याच्या मांडीवर आडवी ठेवली, त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलला आणि दांडीवर ठेवला. कोपऱ्यातल्या छोट्या स्पीकरची वायर गिटारला जोडलेली होती. मी मधली एक तार छेडली. वैशालीनं आपले हात हळूच काढून घेतले.

राजूच्या हातात ताकद नव्हती, पण हाताला वजन होतं. तेवढ्या वजनानं दांडी खाली गेली आणि सूर तिच्याबरोबर घसरत खाली आला, अगदी सावकाश, भास्करदादांच्या मैफलीत तो पूर्वी काढायचा तसा. वैशालीनं मनगट उचललं. सूर परत वर आला, आपल्या जागी. तिनं सोडलं, तो उतरला. आणि तो खाली असताना राजूच्या श्वासाबरोबर, कष्टानं वरखाली होणाऱ्या त्याच्या छातीबरोबर, हात किंचित हलत होता आणि सूर थरथरत होता. ते आम्ही कोणी करत नव्हतो. तो करत होता.

मग मला कळलं की ब्रिज जाम असता तर यातलं काहीच झालं नसतं. पहिल्या दिवशी त्यानं स्क्रू-ड्रायव्हरचं विचारलं तेव्हाच हे त्याच्या मनात होतं का? नंतर मी वैशालीला विचारलं. ती म्हणाली, "मला नाही बोलले काही. पण ते स्वतःच्या हाताकडे बघत बसायचे त्या दिवसांत." याहून जास्त आता कळायचा मार्ग नाही.

भास्करदादा खाली मान घालून गायला लागले. शब्द नव्हते, नुसता आलाप. मी तार छेडत राहिले, वैशाली हात उचलत राहिली, ठेवत राहिली. गाणं म्हणावं असं ते नव्हतं. खालच्या मजल्यावरची मुलं जिन्यात येऊन उभी राहिली होती म्हणे. राजूचे डोळे मिटलेले होते. बराच वेळ झाल्यावर त्यानं ते उघडले आणि नजर खाली केली. दमला होता. वैशालीनं हात काढून घेतला, मास्क लावला.

आणखी दोन-चार रविवार ते तसं जमलं, प्रत्येक वेळी थोडं कमी. शेवटच्या रविवारी मी गिटारकडे बोट दाखवून "आणू?" असं विचारलं, तर त्यानं नजर खाली केली, म्हणजे नको. मी त्याच्या पायांना तेल लावत बसले. तेच आमचं शेवटचं बसणं. दोन दिवसांनी छातीत कफ भरला, दवाखान्यात नेलं, आणि त्यानं आधीच सांगितलं होतं त्याप्रमाणे घरी परत आणलं. पुढचं वर सांगितलंच आहे. मी दिंडोरीला मुलांकडून नकाशा भरून घेत होते.

घरी वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, लोक आले आणि गेले. भास्करदादांनी त्या दिवशी गाणं म्हटलं नाही, कोणी सांगितलंही नाही. गिटार खोलीत तिच्या स्टँडवर उभी आहे. वाजवत नसलेल्या गिटारच्या तारा सैल करून ठेवाव्यात असं कोणीतरी वैशालीला सांगितलं. पण ही अशी गिटार. तारा सैल केल्या तर स्प्रिंगा ब्रिज आत ओढून घेतील, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. की तसंच करायचं असतं? ते राजूला विचारायचं राहून गेलं. आता मी कोणाला विचारू? पार्टीतला नवा मुलगा म्हणाला, "मला नाही माहीत, मावशी, माझा ब्रिज फिक्स आहे." वैशाली म्हणते, नको सैल करायला.

म्हणून मी अजूनही रविवारी जाते. आठवडाभरात हवेनं म्हणा, कशानं म्हणा, तारा थोड्या इकडेतिकडे झालेल्या असतात. राजू नाही, भास्करदादांचा आवाज नाही, त्यामुळे ते छोटं यंत्र समोर ठेवते आणि पहिल्या तारेपासून सुरू करते. एक लावली की दुसरी हलते. फिरत राहते. काय करतेय ते तोंडानं बोलत असते, सवय लागली आहे. ऐकणारं माणूस नाही हे मधूनच लक्षात येतं, मग गप्प होते आणि थोड्या वेळानं परत बोलायला लागते. वैशाली पलंगाच्या कडेला बसून असते. कधीतरी सगळ्या तारा एका वेळी जागेवर येतात. ती विचारते, "झालं?"

मी गिटार स्टँडवर उभी करते आणि म्हणते, "आजच्यापुरतं."